खिडकीच्या गजावरचा कोट

आप्पा,

लढाईवरून तुम्ही घरी आलात त्या दिवशी मी आईच्या मागे लपले नव्हते, मागच्या दाराने निघून सरळ चुलतीच्या घरी गेले होते. आई हाका मारत राहिली आणि मी चुलतीच्या चुलीपुढे बसून भाकरी खात राहिले. तुम्ही पलटणीत गेलात तेव्हा मी तीन वर्षांची होते, परत आलात तेव्हा आठ संपून नववं लागलं होतं. मधल्या काळात तुम्ही म्हणजे दोन-तीन महिन्यांनी येणारं एक पत्र होतात. ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं असायचं आणि शाळेतले मास्तर आमच्या ओट्यावर बसून ते वाचून दाखवायचे. मी खुशाल आहे, बैलांची काळजी घ्यावी, मुलीस आशीर्वाद. मला वाटायचं, मास्तरांचा आवाज तोच तुमचा आवाज. आणि मग एक दिवस खाकी गरम कोट घातलेला, गालफडं बसलेला एक उंच माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वळाकलंस का?" मी ओळखलं नाही.

त्यानंतरचा महिनाभर मी तुम्हाला काहीच म्हणाले नाही. म्हणजे बोलले नाही असं नव्हे, पण हाक मारली नाही. तुम्हाला पाणी द्यायचं असलं तर तांब्या समोर ठेवून निघून जायचे. आईला सांगायचं असलं तर "त्यो माणूस जेवाया बसलाय" असं सांगायचे, आणि आई पदर तोंडाला लावून म्हणायची, "आप्पा म्हन की गं. लय वंगाळ वाटतं त्यास्नी." तुम्हाला वाटलेलं वाईट तुमच्या तोंडावर कधी दिसलं नाही. तुम्ही सकाळी उठून अंथरुणाची घडी अशी घालायचात की कडा कडेला जुळावी, आणि अंगणात उभं राहून लांब लांब श्वास घ्यायचात. गावातली पोरं कुंपणावरून ते बघायला यायची. मला लाज वाटायची.

शाळू निसवायला आला होता, कणसं बाहेर पडत होती, त्या दिवसांत माझं पोट दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. आईने ओवा दिला. चुलती म्हणाली, एरंडेल पाजा, साफ होईल. वाटीत एरंडेल ओतलेलं मला आठवतं, कारण तुम्ही ती वाटी आईच्या हातातून काढून घेतलीत आणि बाहेर जाऊन उकिरड्यावर ओतलीत. मग माझ्याजवळ बसलात. तुमचा हात पहिल्यांदा माझ्या पोटावर आला तो तेव्हा. तुम्ही हळू हळू दाबलंत, ते मी सोसलं. मग तुम्ही एकदम हात उचललात आणि मी किंचाळले. तुम्ही उठलात. "हिला आत्ताच्या आत्ता सांगलीला न्यायाची," असं म्हणालात. आई म्हणाली, "आवं, पोट तर दुखतंय नुसतं, त्याला सांगली कशाला?" तुम्ही म्हणालात, "पोटात फुटलंय. म्या बघितल्यात अशी मानसं." त्यावर आई उठली. तिने चूल विझवली.

चौघांनी बाजेवर घालून मला भिलवडीच्या स्टेशनावर नेलं. गाडीत मला आडवं करून तुम्ही माझे गुडघे वर मुडपून धरले होते, ते सरळ होऊ देत नव्हतात. माधवनगरला उतरलो. तिथून टांगा. टांग्याचा प्रत्येक धक्का माझ्या पोटात जायचा आणि तुम्ही टांगेवाल्यावर ओरडायचात ते मराठीत नाही, पलटणीतल्या हिंदीत. दवाखान्याच्या पायऱ्या, पांढऱ्या कपड्यातली माणसं, नाकावर धरलेला गोड उग्र वास, आणि कुणीतरी म्हणतंय, आकडे मोज. मला वीसपर्यंत आकडे यायचे. मी नवापर्यंत गेले असेन.

जागी झाले तेव्हा पोटाला पट्टा होता, पट्ट्यातून रबराची एक नळी बाहेर आली होती, आणि मला वाटत होतं की कुणीतरी माझ्या पोटावर जातं ठेवलंय. आई एका बाजूला बसली होती. तुम्ही पायथ्याशी उभे होतात. आत कधीतरी आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, फुटून पू पसरला होता, तो धुऊन काढला, असं डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की डॉक्टर वयाने मोठे होते, चष्म्यावरून बघायचे आणि त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बजावलं, "दोन आठवडे पाठीवर. कुशीवर वळवायचंसुद्धा नाही. पोटाचे टाके आहेत, गोधडीचे नव्हेत."

मी पाठीवर पडून राहिले. मला तेच हवं होतं. श्वास मी अगदी वरच्यावर घ्यायचे, गळ्यापुरता, कारण खोल घेतला की पोटात सुरी फिरायची. खोकला आला तरी गिळायचे. दुसऱ्या दिवशी अंग तापलं. छातीत घुरघुरायला लागलं, झोपलेल्या मांजरीसारखं. आई माझ्या कपाळावर पाण्याची घडी ठेवत होती आणि तुम्ही वाकून माझ्या छातीला कान लावलात. मी अंग चोरलं. तुम्ही बाहेर गेलात आणि डॉक्टरांची वाट बघत व्हरांड्यात उभे राहिलात. खिडकी माझ्या खाटेजवळच होती, मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, पोरीला उठवून बसवू का? छाती भराया लागलीया."

"तू कोण?"

"बाप हाय साहेब. पलटणीत इस्पितळात हुतो, नर्सिंगच्या कामाला. पोट फाडलेली लय मानसं बघितली. पोटानं कमी जात्यात. न उठवल्यानं छातीनं जात्यात."

"ते सोल्जर होते. ही नऊ वर्षांची मुलगी आहे. टाके उसवले तर कोण जबाबदार? मी की तुमची पलटण?"

तुमच्या टाचा एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला. तुम्ही सलाम केला होतात. मग तुम्ही विचारलंत, "बसवत न्हाई साहेब. पन फुंकाया लावलं तर चालंल का?" डॉक्टर म्हणाले, "फुंकायला काय. फुंकू दे."

त्या वॉर्डाच्या सिस्टर मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांच्याकडून तुम्ही दोन रिकाम्या बाटल्या मागून आणल्यात, दोन्हींना बुचं, बुचांतून नळ्या आणि दोन बाटल्यांना जोडणारी एक रबरी नळी. एका बाटलीत पाणी भरलंत आणि त्यात जखमा धुवायच्या औषधाचा एक कण टाकलात. पाणी जांभळं झालं. एकीकडच्या नळीतून फुंकलं की जांभळं पाणी वर चढून दुसऱ्या बाटलीत जायचं. आता इतक्या वर्षांनी, परवा, शेजारच्यांच्या नातवाचं असंच ऑपरेशन झालं सांगलीत, पोटावर तीन भोकं फक्त. त्याला बघायला गेले तर पदवी घेतलेली एक मुलगी त्याच्या हातात प्लॅस्टिकचं खेळणं देऊन सांगत होती, श्वास ओढ, तिन्ही चेंडू वर गेले पाहिजेत. मी ते हातात घेऊन इतका वेळ बघत राहिले की त्या मुलीला वाटलं, आजींना काही कळत नाहीये. ती मला समजावून सांगायला लागली. मी सांगू दिलं.

पण मी फुंकलं नाही, आप्पा. तुम्ही नळी माझ्या तोंडाशी धरलीत आणि मी तोंड फिरवलं. तुम्ही दुसऱ्या बाजूने आलात, मी पुन्हा फिरवलं. आणि मग मी आईला म्हणाले, तुम्हाला ऐकू जाईल असंच म्हणाले, "त्या मानसाला जायाला सांग." आईने कपाळाला हात लावला. तुम्ही बाटल्या खाली ठेवल्यात. मला वाटलं तुम्ही रागावून निघून जाल, किंवा माराल. तुम्ही बाहेर गेलात खरे, पण थोड्या वेळाने परत आलात आणि माझ्याकडे न बघता शेजारच्या खाटेकडे गेलात.

त्या खाटेवर सहा वर्षांची एक मुलगी होती, पूर्वेकडच्या कोरड्या भागातली, मेंढरं राखणाऱ्यांची. जंतांनी आतडं अडकून तिचंही पोट उघडलं होतं, माझ्या आधी दोन दिवस. तिचा बाप घोंगडं पांघरून खाटेखाली बसलेला असायचा आणि सिस्टर दिसल्या की उठून उभा राहायचा. तुम्ही त्याच्या शेजारी चक्क फरशीवर उताणे झोपलात. पोटावर उशी घेतलीत, दोन्ही हातांनी ती दाबून धरलीत, गाल फुगवून श्वास घेतलात आणि खोकलात. सगळा वॉर्ड हसायला लागला. एवढा मोठा मिशावाला माणूस उशी पोटाशी धरून लहान पोरासारखा लोळतोय. मग उठून तुम्ही त्या मुलीच्या हातात नळी दिलीत. "फुंक बघू. इकडचं पानी तिकडं." तिने फुंकलं. जांभळं पाणी नळीतून चढलं आणि दुसऱ्या बाटलीत बुडबुडे करत पडलं. ती म्हणाली, "आनि." तुम्ही म्हणालात, "लय भारी. आनि कर."

माझ्या बाटल्या. माझ्यासाठी मागून आणलेल्या बाटल्या. मला आजही तो राग आठवतो, त्या दुखण्याहून जास्त आठवतो. मी म्हणाले, "ती नळी माजी हाय." तुम्ही माझ्याकडे वळलात, हसला नाहीत, नळी पुसलीत आणि माझ्या हातात दिलीत. पहिल्यांदा पाणी बोटभर चढलं आणि खाली आलं. "नुसता गळ्यातनं नगं," तुम्ही म्हणालात आणि माझ्या बरगड्यांवर तुमचा हात ठेवलात. "माज्या हातापातूर दम आला पायजे. माजा हात वर उचलला गेला पायजे." दुखलं. पण हात उचलला गेला. त्या दुपारी मी सगळं पाणी इकडून तिकडे केलं आणि त्या मुलीकडे बघितलं. ती झोपली होती.

खोकायचं मात्र मला जमेना. उशी पोटाशी धरून, वरून तुमच्या हाताने दाबून, तुम्ही म्हणायचात, "आता!" आणि मी ऐन वेळी गिळून टाकायचे. तेव्हा तुम्ही तुमचा दुसरा हात माझ्या तोंडाशी आणलात आणि म्हणालात, "दुखलं की चाव. पन खोक." मी चावले. इतक्या जोरात चावले की तुमच्या अंगठ्याखाली दातांची ओळ उठली. आणि खोकले. छातीतून जे आलं ते बघून आईने तोंड फिरवलं आणि तुम्ही म्हणालात, "शाब्बास रं वाघा." मुलीला कुणी 'रं' म्हणत नाही. पलटणीतली सवय. पण मला ते फार आवडलं होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. दोन दिवसांत ताप उतरला. सिस्टर थर्मामीटर बघायच्या, तक्त्यावर लिहायच्या आणि तुमच्या हातावरच्या व्रणाकडे बघून काहीच बोलायच्या नाहीत.

पाचव्या दिवशी तुम्ही मला बसवलंत. डॉक्टरांनी सांगितलं होतं दोन आठवडे, आणि तुम्ही हुकूम मोडत होतात. आई तुमचा हात धरून म्हणाली, "आवं, लेकराचं टाकं उसवलं तर? तुमी पुन्हा जाशीला पलटणीत, मी कुठं जाऊ हिला घेऊन?" तुम्ही तिला उत्तर दिलं नाहीत. मला म्हणालात, "गुडघं मुडप. दोन्ही एकदम. आता गुडघं, कंबर, खांदा समदं एका लाकडागत फिरव. हातानं खाट दाब. पोटाला कामच न्हाई लावायचं, हातच उठवंल तुला." सिस्टर त्याच वेळी कपाटाकडे तोंड करून बाटल्या मोजायला लागल्या आणि मी खाटेच्या कडेला पाय सोडून बसेपर्यंत मोजत राहिल्या. फरशी किती खाली दिसत होती! तुम्ही माझ्या पायांना सांगितलंत, "सलाम करा." मी पावलं वर-खाली केली. दहा वेळा. सहाव्या दिवशी सकाळी तुम्ही मला उभं केलंत. मी कोयत्यासारखी वाकलेली होते, एक हात पोटावर, एक तुमच्या मनगटावर. एक पाऊल. दुसरं. वॉर्डाच्या मधोमध पोचलो आणि दारात डॉक्टर उभे. रोजच्या वेळेआधी तासभर आले होते.

सगळं थांबलं. आई खाटेपाशी खाली बसली. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"कोणाच्या हुकमानं?"

तुम्ही ताठ उभे होतात, पण मनगट माझ्या हातातून काढलं नव्हतंत. तुम्ही तोंड उघडलंत आणि त्याआधी मीच बोलले. "माज्या आप्पांच्या."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. समोरच बघत राहिलात. पण तुमचा दुसरा हात येऊन माझ्या बोटांवर घट्ट बसला, आणि मला वाटलं डॉक्टरांना घाबरलात. आता वाटतं तसं नव्हतं.

डॉक्टरांनी मला परत खाटेवर निजवायला लावलं. पट्टा सोडला, जखम बघितली, बोटांनी कडा चाचपल्या. मग छातीला तपासायची नळी लावली, पुढून, मागून, बराच वेळ. त्यांच्या कपाळावर घाम होता. शेवटी त्यांनी स्वतःच पट्टा बांधला आणि म्हणाले, "जखम कोरडी आहे. छाती स्वच्छ आहे." आणि मग तुम्हाला, जरा खालच्या आवाजात, "कुठं शिकलास हे?"

"इटलीत साहेब. तंबूतल्या इस्पितळात."

"उद्यापासून दहा पावलं. माझ्यासमोर. माझ्या पाठीमागं एकही नाही, कळलं?"

"जी साहेब."

निघता निघता ते शेजारच्या खाटेपाशी थांबले. त्या मुलीचा बाप घोंगडं सावरत उभा राहिला. डॉक्टर तुम्हालाच म्हणाले, "हिलाही बसव. पण हळू." त्या बापाने तुमचा हात धरला. "पाव्हनं, तुमच्या पोरीचं टाकं उसवलं न्हाईत न्हवं? मग आमचीबी उठू द्या." आणि मग आम्ही दोघी चालायला लागलो, ती आणि मी, डॉक्टर घड्याळ हातात धरून दाराशी उभे. वारा तिकडचा असला की माधवनगरच्या गिरणीचा भोंगा ऐकू यायचा, तुम्ही त्याच्यावर पावलं टाकायला लावायचात.

चालायला लागले तरी मी वाकलेलीच होते. पोटाचा ताण सहन होईना म्हणून अंग पुढे यायचं आणि तसंच राहायचं. आई म्हणायची, "आता पोर अशीच कुबडी ऱ्हानार का काय." तुम्ही मला एकदाही सरळ हो म्हणाला नाहीत. तुम्ही तुमचा खाकी कोट आणलात आणि खिडकीच्या गजांना लटकवलात. खिडकी उंच होती, आडव्या गजांची. तुम्ही सगळ्यांत खालच्या गजाला कोट अडकवलात आणि म्हणालात, "वरच्या खिशात काय हाय ते काढ." मी हात वर केला. एवढ्याने मला जमलं. खिशात एक शिंपला होता, आतून गुलाबी. "ह्यो कुटला?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "लय लांबच्या समिंदराचा. तिथं पानी हिरवं असतंय." दुसऱ्या दिवशी कोट एक गज वर होता. खिशात पितळेचं बटण. ते कुणाच्या कोटाचं, तो कोट कुणी घातला होता, त्याला थंडीत दाढी करायला का आवडायचं नाही ते. तिसऱ्या दिवशी आणखी वर. सिगारेटचा पत्र्याचा डबा, त्यावर जहाजाचं चित्र. तुम्ही त्या जहाजावर किती दिवस ओकलात ते. बर्फ म्हणजे काय ते. द्राक्षांच्या मळ्यात लपलेल्या एका म्हातारीने तुम्हाला भाकरीसारखं काहीतरी खायला दिलं आणि तुम्ही रडलात ते. पाच वर्षं घरात नसलेला माझा बाप रोज एकेका वस्तूने खिशातून बाहेर यायला लागला. ती लहानगी खाटेवर बसून ऐकायची.

एके दिवशी खिशात एक चमचा निघाला, दांडा वाकडा झालेला. "ह्यो कुनाचा?" तुम्ही म्हणालात, "एका गड्याचा," आणि तो परत घेऊन तुमच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलात. एवढी एकच वस्तू तुम्ही परत घेतलीत.

त्या चमच्याचं तुम्ही मला सांगितलंत ते वीसेक वर्षांनी, साताऱ्यात. सांगलीच्या त्या डॉक्टरांनी शिफारस केली म्हणून तुम्हाला साताऱ्याच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि आपण तिकडे गेलो, तिथेच मी शिकले, नर्स झाले, आणि योगायोगाने तुमच्याच वॉर्डात आले. तुमच्या निवृत्तीला चारेक वर्षं राहिली होती. मुलांच्या वॉर्डात तुम्ही आलात की ज्यांची पोटं शिवलेली असायची ती पोरं आधीच पाय हलवायला लागायची. तो दिवस मला लख्ख आठवतो. एक सात-आठ वर्षांचा मुलगा उठेना. दोन दिवस झाले होते. मी कामाच्या घाईत होते, मी म्हणाले, "नाटकं करू नकोस, ऊठ." तुम्ही मागे उभे होतात. तुम्ही मला सगळ्यांदेखत काही बोलला नाहीत. दुपारी डबा खाताना बोललात, माझ्याकडे न बघता. "दुखतंय म्हननाऱ्या लेकराला नाटक म्हनायचं न्हाई. उठवायचं तर उठवायचंच, सोडायचं न्हाई. पन खोटं हाय असं म्हनायचं न्हाई. त्येचं पोट हाय, आपलं न्हवं."

वयाने तेव्हा मी तिशीकडे झुकलेली, डोक्यावर पांढरी टोपी, आणि हातातला घास मी डब्यात परत ठेवला. मग तुम्हीच चमच्याचं काढलंत. शेजारच्या गावचा तो गडी, तुमच्याबरोबर भरती झालेला. पोटात गोळी लागली, पोट उघडलं, शिवलं, सगळं झ्याक झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही उठवायला गेलात तर तो म्हणाला, "आज नगं गड्या, उद्या उठतो." तुम्हाला दया आली. तिसऱ्या दिवशीही तसंच. "पाचव्या दिशी गेला. पोट बरं हुतं, छाती भरली. म्या माया केली आनि त्यो गेला," तुम्ही म्हणालात आणि डब्याला झाकण लावलंत. तेव्हा मला तुमचं ते बिनमायेचं वाटणारं उठवणं कळलं, आणि आईला उत्तर न देणंही. तो मुलगा त्या संध्याकाळी तुमच्या हाताला धरून दारापर्यंत गेला. मी त्याच्या मागून चालत होते आणि मला दरदरून घाम आला होता, कारण नाटक म्हणजे काय ते त्या वॉर्डात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

त्याबद्दलच हे लिहायला बसले, आणि बाकीचं सगळं आधी लिहून झालं. तुम्ही गेलात त्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली. तुम्ही असताना सांगायला हजार दुपारी होत्या. साताऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत आपण समोरासमोर बसून शेंगा फोडायचो, मी तोंड उघडायचे आणि शेंगांचंच काहीतरी बोलायचे.

ती लहानगी घरी गेली त्या दिवशी डॉक्टर तुम्हाला म्हणाले, "तुझी मुलगी वरच्या गजावरच्या खिशाला हात लावेल, त्या दिवशी तिला सोडतो." आणि त्याच दुपारी तुम्ही आईला सांगत होतात की साताऱ्याहून नोकरीची चिठ्ठी आली आहे, पोरगी घरी पोचवली की तुम्ही लगेच हजर होणार, राहायची सोय झाली की चार-सहा महिन्यांनी आम्हाला न्यायला येणार. आई म्हणाली, "म्हंजे पुन्हा पत्रंच." मी डोळे मिटून पडले होते. तुम्हाला वाटलं मी झोपलेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट सगळ्यांत वरच्या गजाला होता. मी खिडकीपाशी गेले, हात वर केला, आणि अर्ध्यावर थांबून पोट धरलं. तुम्ही विचारलंत, "पोचत न्हाई?" मी म्हणाले, "न्हाई. दुखतंय." तुम्ही माझ्या पाठीला हात लावून म्हणालात, "ऱ्हाऊ दे. उद्या पोचंल." कोट खाली घेतलात, खिशातली वस्तू काढून माझ्या हातात दिलीत, आणि तिची गोष्ट सांगितलीत. असे चार दिवस गेले. चार दिवस तुम्ही राहिलात. हातांच्या नुसत्या स्पर्शाने पोट ओळखणाऱ्या तुम्हाला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही, पण तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि दुखतंय म्हणणाऱ्या पोराला खोटं म्हणायचं नाही हे तर तुम्हीच शिकवलंत. म्हणून तुमच्या वतीने मीच म्हणते. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, घडी घालून साड्यांखाली ठेवीन.

आप्पा, पहिल्याच दिवशी माझा हात पोचत होता.